कवळी आणलीय

मी जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे, मासे धरायचीही नव्हे. गॅसच्या बर्नरवर ठेवून तुम्ही पापड भाजता, भरताचं वांगं भाजता आणि पावसाळ्यात मक्याची कणसं भाजता, ती तारेची, दांड्याची जाळी. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेलच. ओट्यामागच्या खिळ्याला टांगलेली, मधोमध काळी पडलेली.

बोलायला लागले खरी, पण आधीच सांगते, मी फार भित्री आहे. जिचं आयुष्य आगीवर जायचं तिनं भित्रं असू नये, हे मलाही कळतं. पण कळून काय उपयोग? लायटर 'टक्' करतो तेव्हा अजूनही माझ्या तारा शहारतात. कुकरची शिट्टी झाली की मी दांड्यापर्यंत थरथरते. आणि कणसाचा दाणा अंगावर फुटला की... जाऊ द्या, ते पुढं येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तारा वाकवल्या, एकमेकींना चिकटवल्या, वर चकचकीत मुलामा चढवला, एवढंच अंधुक ध्यानात आहे. शुद्धीवर आले तेव्हा बारामतीच्या आठवडे बाजारात झारे, चिमटे आणि किसण्यांच्या गर्दीत दोरीला लटकत होते. तिथं कमरजहाँ अम्मी आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, एकेक जोड अंगठ्यानं दाबून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "भुट्ट्याला टिकंल का ही?"

दुकानदार म्हणाला, भुट्टा काय, हत्ती ठेवा.

मी हबकले. हा भुट्टा कोण, किती वजनाचा, माझ्यावरच का बसणार, काहीच माहीत नव्हतं. पिशवीतून घरी जाताना रस्ताभर डोक्यात तेच.

अम्मींचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं राहणं. दुकानात पाण्याच्या मोटारी भरून देतात. म्हणजे जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार गुंडाळायची. अम्मींचे मालक सिकंदरराव यांनी जन्मभर हेच केलं. आता त्यांचा मुलगा मुजम्मिल दुकान बघतो, पण आसपासच्या गावांत अजूनही मोटार जळली की लोक 'सिकंदररावांकडं टाका' असंच म्हणतात.

घरात सगळे त्यांना अब्बा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अब्बांचे दात हा त्या काळी गिऱ्हाइकांच्या कौतुकाचा विषय होता. दोन्ही हात मोटारीत गुंतलेले असले की ते दातानं तारेवरची नळी तोडायचे, दातानंच दोऱ्याची गाठ आवळायचे. त्यांचे सांगवीचे दोस्त केशवराव म्हणायचे, सिकंदररावांनी तोंड उघडलं की दुकानात पक्कड शोधायला नको.

हे केशवराव बागायतदार. घरी गाई, आणि गाईंसाठी मका. त्यांच्या विहिरीवरची मोटार अब्बांनी एकदा भरून दिली, तेव्हापासूनची ही दोस्ती. मका हिरवा आहे तोवरच ते सगळा कापतात, त्याची कुट्टी करून, दाबून, वारा लागू न देता गाईंसाठी मुरवत ठेवतात. त्याला मुरघास म्हणतात. पण कापणीच्या आधी पोतंभर कणसं अब्बांच्या दारात आलीच पाहिजेत, असा त्यांचा रिवाज. दारात केशवराव म्हणायचे, कणसं आणली. अम्मी तेच पोतं उचलून आत आणायच्या तोवर त्यांचे भुट्टे झालेले असायचे. भुट्टा कोण ते मला असं कळलं, आणि जीव भांड्यात पडला.

एरवी अब्बा स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही यायचे नाहीत, तांब्या बाहेर मागवायचे. कणसं आली की मात्र ओटा त्यांचा. बनियनवर उभे राहायचे. कणसाची पानं सोलून फेकून द्यायची नाहीत, मागं वळवून त्यांची मूठ करायची. ती मूठ धरून कणीस माझ्यावर ठेवायचं आणि बघायचं कमी, ऐकायचं जास्त. दाणा 'फट्' झाला की पाव वळसा. पुन्हा 'फट्', पुन्हा पाव वळसा. पहिल्या खेपेला मी इतकी दचकले की बर्नरवरून घसरलेच. अब्बांनी मला बोटानं जागेवर सारलं आणि म्हणाले, "थांब जरा. हुईल सवय."

तारेच्या वस्तूशी कुणी असं बोलतं का? ते बोलले.

मग फरशीवर सगळे गोल करून बसायचे. केशवरावांना भिंतीशी पाट. अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवून गरम कणसावर चोळलं की त्याचा जो वास सुटायचा, तो माझ्या तारांना दुसऱ्या दिवशीपर्यंत असायचा. अब्बा कणीस एका टोकाला धरायचे आणि ओळीनं दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. मागं एक साल शिल्लक राहायची नाही.

मग दात गेले. एकदम नाही. आधी एक हलायला लागला, मग त्याचा शेजारी, आणि शेवटी डॉक्टरांनी सगळेच काढायला सांगितले. काही महिने अब्बांचं तोंड नुसतं मिटलेलं. पुढं नवे दात आले, गुलाबी हिरड्यांसकट, एका झाकणाच्या डबीत. वापरात नसताना ती डबी पाणी भरून कुठं ठेवायची, तर माझ्या खिळ्याखालच्या फळीवर. पहिल्याच सकाळी अम्मींनी झाकण उघडलं, मी सहज खाली पाहिलं, आणि दात माझ्याकडं बघून हसत होते. माझं काय झालं असेल ते विचारू नका.

मराठीत या दातांना कवळी म्हणतात. पण अब्बांनी बजावलं होतं की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. त्यामुळं तो शब्दच आमच्या घरातून गेला. सगळे 'डबी' म्हणायचे. डबी धुतली का. डबी आत दिली का. ज्या माणसाची पक्कड तोंडात होती, त्याला आता डबी लागते हे गिऱ्हाइकांना कळलं तर काय म्हणतील, एवढाच अब्बांना घोर.

त्यात ते दात धड बसायचे नाहीत. बोलताना खटखट करायचे, भाकरीला सरकायचे. अब्बांनी बोलणं कमी केलं. मग दुकानात बसणं सोडलं. मग ताट आतल्या खोलीत मागवून, दाराकडं पाठ करून एकटेच जेवायला लागले. केशवरावांचा फोन आला की हातानंच खूण करायचे, नाही म्हणून सांग. गेल्या पावसाळ्यात केशवराव कणसं घेऊन येतो म्हणाले, तर मुजम्मिलला सांगावं लागलं की अब्बा गावाला गेलेत. त्या पावसाळ्यात मी खिळ्यावरून उतरले ती पापडांपुरती. अम्मी ताट आत ठेवल्यावर दारात जरा रेंगाळायच्या, बस म्हणतात का ते बघायच्या, आणि परत यायच्या.

अशा घरात मेहरीन आली. मुजम्मिलची बायको. माहेर इंदापूरचं, कॉलेज शिकलेली, आणि, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू, माझ्याइतकीच भित्री. लायटर दाबताना डोळे मिटायची. आत अब्बा खोकले तरी तिच्या हातातला चमचा पडायचा. सासऱ्यांशी ती स्वतःहून कधी बोललीच नव्हती. ते बोलत नाहीत म्हणून ती बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणून ते. डबी मात्र रोज तीच धुवायची. मान दुसरीकडं करून, पण अगदी स्वच्छ.

कणसांच्या बैठकीचे किस्से तिनं अम्मींकडून ऐकले. एकदा तिनं विचारलं, भुट्टे आले तर अब्बा बाहेर येतील का.

"येतील गं," अम्मी म्हणाल्या. "पण खातील कशानं?"

हे तिच्या मनात राहिलं असणार. कारण या पावसाळ्यात केशवरावांचा फोन आला तेव्हा मुजम्मिल दुकानात तेलकट हातांनी बसला होता, फोन ओट्यावर चार्जिंगला होता, आणि तो तिनं उचलला. केशवरावांचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही. मुरघासाची कापणी आता होईल, यंदा तरी कणसं आणू का, विचारत होते. मेहरीननं आतल्या खोलीच्या दाराकडं एकदा पाहिलं. म्हणाली, "आणा काका. फक्त अब्बांसाठी जरा कोवळी बघून आणा."

"कवळी व्हय? आणतो की."

आलं ना लक्षात? ती म्हणाली कोवळी. सांगवीत कोवळीला कवळीच म्हणतात. कवळी काकडी, कवळी भेंडी, कवळं ऊन. बोलण्यात दोघांचंही काही चुकलं नव्हतं.

केशवराव दुपारी आले. मोटरसायकलवरचं पोतं मुजम्मिलनं उतरवून बोळातून थेट स्वयंपाकघरात आणून टाकलं. केशवराव रिकाम्या हातानं पुढच्या दारानं आत आले आणि अब्बांच्या खोलीच्या दारात उभे राहून, नेहमीच्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "सिकंदरराव, सूनबाईचा निरोप मिळाला. अब्बांसाठी कवळी पायजे म्हनली. आणलीय बघा. चालतीय का सांगा."

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्या खोलीला दुसरं दार आहे, ते स्वयंपाकघरात उघडतं. अम्मी त्या दारानं आत गेल्या. अब्बांचा आवाज दबलेला होता, पण मला ऐकू आला आणि ओट्याशी कणीस सोलणाऱ्या मेहरीनलाही आला. "पोरीनं गावभर केलं. सांगवीपत्तूर गेलं. हिच्या हातचं पाणीसुदिक नको मला."

मेहरीनचा हात थांबला. कणसाचं पान अर्धं ओढलेलं तसंच राहिलं. लग्न होऊन घरात आलेल्या मुलीला सासऱ्यानं असं म्हणणं म्हणजे काय, हे मी वस्तू असून मला कळलं. तुम्हाला सांगायला नको.

तिकडं केशवराव लागलेल्या कडीकडं बघत उभे राहिले आणि शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी पहिल्यांदाच ऐकला. "भाभी, माझं काय चुकलं तेवढं इचारून सांगा. गेल्या साली बी भेटले न्हाईत. पोराच्या लग्नात लांबनंच सलाम करून गेले. आज तर दारच लावून घेतलं."

अम्मी काय सांगणार? कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागणार. त्यांनी पाट दिला, चहा टाकते म्हणाल्या. केशवराव बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि फरशीकडं बघत राहिले.

मेहरीन अम्मींच्या कानाशी लागली. मी कुणाला काही सांगितलं नाही, अम्मी, शपथ घेते, म्हणाली.

"मग ह्यांना कवळीचं कळलं कसं?" अम्मी कुजबुजल्या.

मेहरीननं अम्मींकडं पाहिलं. मग हातातल्या कणसाकडं. मग पुन्हा अम्मींकडं. आणि कपाळावर हात मारून घेतला.

तुम्ही म्हणाल, झालं, जाऊन सांगायचं की. पण भित्र्या माणसाला बंद दार म्हणजे काय असतं ते मला विचारा. ती दारापर्यंत गेली. हात उचलला, खाली घेतला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. परत आली. अम्मी म्हणाल्या, मी सांगते थांब. तिनं नाही म्हणून मान हलवली. आरोप तिच्यावर होता.

मग तिनं मला खिळ्यावरून काढलं.

डोळे मिटून लायटर दाबला, मला बर्नरवर ठेवलं आणि हातातलं कणीस माझ्यावर ठेवलं. मोठ्या आचेवर, अर्धवट सोललेलं, पानं पुढच्याच बाजूला. कधी भाजलं असेल तर ना. दाणा 'फट्' झाला. ती दचकली, मी दचकले. पण तिनं हात सोडला नाही. दुसरा दाणा, तिसरा. कणीस फिरवायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. पानाच्या टोकानं पेट घेतला, करपल्याचा वास सुटला. मी मनातून ओरडत होते, अगं फिरव, अगं बारीक कर.

"फिरव."

हे मी नव्हते. दाराआडून आलं होतं.

मेहरीनला कळलं नाही. दाणे तडतडत राहिले.

"फिरव की गं. एका अंगानं जळतंय."

आणि दार उघडून अब्बा बाहेर आले. बनियनवर, हात पुढं केलेला. त्यांनी कणीस तिच्या हातातून घेतलं, पेटलेलं पान चिमटीत विझवलं, गॅस बारीक केला, उरलेली पानं मागं वळवून मूठ केली. 'फट्'. पाव वळसा. किती दिवसांनी तो वळसा माझ्या अंगावरून फिरला.

मग त्यांच्या ध्यानात आलं. दात फळीवर, डबीत. आणि समोर पाटावर केशवराव. अब्बांचा मोकळा हात तोंडाकडं गेला. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, सगळं केशवरावांनी पाहिलं होतं.

"दात काडले व्हय?" केशवराव म्हणाले.

अब्बांनी मान डोलावली.

"एवढंच?" केशवरावांनी टोपी गुडघ्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. "अवो, मी साल झालं आठवतोय, आपुन काय बोललो, कुठं मान चुकला. मंडळींना बी इचारलं, तुझ्याकडनं काय झालं का म्हनून. ती माझ्याशी दोन दिस बोलली न्हाय."

अब्बांचा हात हळूहळू तोंडावरून खाली आला. बिनदाताचं त्यांचं बोलणं पसरट झालं होतं, तरी ते बोलले. "तुमचं काय चुकनार, केशवराव. पन मग कवळीचं कुणी सांगितलं तुमाला?"

तो शब्द घरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा मोठ्यानं निघाला, आणि तोही त्यांच्याच.

"सूनबाईनं. ही काय, पोतंभर पडलीय." केशवरावांनी एक कणीस उचललं, सोललं आणि दाण्याला नख लावलं. पांढरं दूध त्यांच्या अंगठ्यावर उडालं. "बघा. हिच्यापरीस कवळी अख्ख्या सांगवीत सापडली तर सांगा."

अब्बांनी कणसाकडं पाहिलं. अंगठ्यावरच्या दुधाकडं पाहिलं. मग मेहरीनकडं.

"मी कोवळी म्हणाले होते, अब्बा," मेहरीन म्हणाली. सासऱ्यांशी स्वतःहून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

"कोवळी तुमच्या शेरात," केशवराव म्हणाले. "आमच्या रानात कवळीच उगवती."

अम्मींनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. अब्बांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते हसले. दात नसलेलं हसू कसं असतं, माहितीये? आवाज कमी, तोंड मोठं. हसता हसता कणसाला पाव वळसा द्यायला मात्र विसरले नाहीत.

हसू ओसरल्यावर ते मेहरीनकडं न बघता म्हणाले, "मगाशी मी जे बोललो..." जरा वेळ कणीस नुसतं फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "जरा पानी दे गं."

मेहरीननं माठातून तांब्या भरला. देताना थोडं सांडलं. अब्बांनी उभ्यानंच, सगळ्यांसमोर, तांब्या रिकामा केला.

"कणसावर पानी पिऊ नका, पोट दुखंल," केशवराव म्हणाले.

"खाल्लंय कुठं अजून?" अब्बा म्हणाले. तांब्या तिच्या हातात परत देऊन ते फरशीवर मांडी घालून बसले. "मेहरीन, आता माझी कवळी दे."

मेहरीनचा एक हात भाजलेल्या कणसाकडं गेला, दुसरा फळीकडं. आणि ती मधेच अडकली.

"कुठली, अब्बा?"

"दोन्ही दे."

त्या दिवशी दात तिसऱ्याच घासाला सरकले. अब्बांनी ते काढले, डबीत टाकले आणि डबी केशवरावांच्या पाटाशेजारी ठेवून दिली. पुढं मेहरीन दाणे काढून देत राहिली. आधी एक ओळ मोकळी करायची, मग शेजारची ओळ अंगठ्यानं त्या रिकाम्या जागेत लोटायची, की दाणे आपोआप ताटलीत पडतात. अब्बांनीच दाखवलं. इतके कोवळे होते की हिरड्यांनाही चालले.

आता केशवरावांचा मुरघास दाबून झाला आहे. यंदाची कणसं संपली. माझा मुलामा केव्हाच उडालाय. मधला एक जोड सुटला होता, तो अब्बांनी दुकानातल्या तांब्याच्या तारेनं बांधून दिला. अम्मी म्हणतात नवी आणू, अब्बा म्हणतात राहू दे. दात नीट बसवून घ्यायला ते आणि केशवराव मिळून डॉक्टरांकडं जाऊन आले. केशवरावांनी तिथं डॉक्टरांशी वाद घातला म्हणे. ताट आता स्वयंपाकघरात, अम्मींच्या शेजारी असतं. अब्बा आमटीला नावं ठेवतात आणि मेहरीन त्यांना उलट उत्तर देते, पण अजून चाचरतच.

मी किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. तारेला एकदा गंज धरला की धरला. म्हणून जाता जाता एक विनवणी करते. तुमच्या घरी कुणी दार लावून बसलं असेल, तर त्याला फार हाका मारू नका. कणसं आणा. दाणा फुटलेला आत ऐकू जाईल अशी भाजायला घ्या. आणि फिरवायची घाई करू नका. एका बाजूनं जरा करपलं तरी चालेल.